बाल्कनी चार फुटांची, वेल चौदा फुटांचा!

आधी कबुलीजबाब देऊन टाकते. गेल्या जूनमध्ये माझा टोमॅटो दुसऱ्या मजल्यावरून खाली पडला. टोमॅटो म्हणजे एखादं फळ नाही हो, अख्खं झाड! कुंडी, माती आणि ऑनलाइन मागवलेली साडेपाच फुटी 'डिझायनर' जाळी, सगळं एकदम. खाली पार्किंगमध्ये शेजाऱ्यांची ॲक्टिव्हा उभी होती आणि पाच मिनिटांपूर्वीपर्यंत तिच्या सीटवर बसून पहिल्या मजल्यावरचा सात वर्षांचा पोरगा 'ढुर्रर्र ढुर्रर्र' करत होता. आईने जेवायला हाक मारली म्हणून तो आत गेला. बस्स, एवढाच फरक.

सीट फाटली, तिचे पैसे मी भरले. त्याचं काही नाही. पण त्या पोराच्या आईने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्यानंतर दोन रात्री मला झोप आली नाही. तिसऱ्या दिवशी सोसायटीच्या बोर्डावर नोटीस : 'गॅलरीतील सर्व उंच झाडे व तत्सम वस्तू पंधरा दिवसांत काढून घ्याव्यात.' 'तत्सम वस्तू' म्हणजे मी, हे सगळ्या बिल्डिंगला कळलं होतं.

आता तुम्ही म्हणाल, मग काढून टाक ना बाई! चार मनी प्लांट ठेव, विषय संपव. मीही तेच करणार होते. पण घरात आजी होती.

'मांडव कुठं घालायचा?'

आजी आमची अकोले तालुक्यातली. आजोबा गेले आणि बाबांनी तिला नगरला आणली. (२०२४ पासून कागदोपत्री अहिल्यानगर. आजीच्या आणि रिक्षावाल्यांच्या तोंडी अजून नगरच.) सावेडीतला आमचा टू बीएचके बघून झाल्यावर तिने पिशवीतून एक पुरचुंडी काढली. आत वालाचं बी. काळपट, पाठीवर पांढरी रेघ असलेलं. आणि पहिला प्रश्न, "मांडव कुठं घालायचा?"

मी हसले. आमची बाल्कनी चार बाय आठ. त्यात वॉशिंग मशीनचा पाइप, कपडे वाळत घालायच्या दांड्या आणि एक मोडकी सायकल. मांडव म्हणे!

पण वाल ही अकोल्याकडे गंमतीची गोष्ट नाही. तिथल्याच कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे. देशी बियाणं जपलं म्हणून अख्खा महाराष्ट्र त्यांना 'बीजमाता' म्हणतो. २०१८ साली बीबीसीच्या जगभरातल्या शंभर महिलांच्या यादीत त्यांचं नाव होतं आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. बायफ संस्थेच्या साथीने त्यांनी घरातच बियाण्यांची बँक उभी केली, आणि त्या बँकेत वालाचे तर कितीतरी वाण आहेत. आमच्या आजीला पुरस्कार-बिरस्कार माहीत नाहीत. तिचं गणित सोपं : दारापुढे वालाचा मांडव नाही ते घर कसलं?

नोटीस लागल्यावर मात्र आजीने मांडवाचा विषयच बंद केला. सकाळी टीव्ही, दुपारी टीव्ही, आणि रात्री बाबांना एकच वाक्य, "मला गावाला सोडून दे." तिथे तिच्याजवळ राहणारं कुणी नाही, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. तिलाही.

मग मी सेक्रेटरी काकांकडे गेले. काका तसे माणूस बरे, फक्त नियमांच्या बाबतीत एकदम स्ट्रिक्ट. म्हणाले, "उंच चालेल. पण कठड्यावर काही ठेवायचं नाही, कुंडी किंवा काठी कठड्याबाहेर जायची नाही, आणि मी पंधरा दिवसांनी येऊन हाताने हलवून बघणार. हललं, तर काढायचं."

डील!

पडलं का, ते आधी समजून घ्या

बाल्कनी गार्डन करणाऱ्या आपल्या पिढीचा एक कॉमन घोळ आहे. वजन नको म्हणून आपण कुंडीत कोकोपीट भरतो. छान हलकी कुंडी, उचलायला सोपी. मग त्याच हलक्या कुंडीत पाच फुटी जाळी खोचतो. झाड वाढलं, पानं दाट झाली की त्या जाळीचं काय होतं? शिडाचं जहाज होतं! आणि नगरचा आषाढातला वारा म्हणजे काय, ते पुण्याला जाताना सुप्याजवळ डोंगरावरच्या पवनचक्क्या बघितल्या की कळतं. उगाच नाही कुणी तिथे एवढे खांब रोवले.

म्हणजे चूक काठीची नव्हती, पायाची होती. त्याहून खरं सांगायचं तर, काठी फक्त पायावर उभी करणं हीच चूक होती.

हे माझ्या डोक्यात आलं ते एसटीच्या खिडकीत. आजीच्या घराचं काहीतरी कागदाचं काम होतं म्हणून आम्ही दोघी अकोल्याला निघालो. राहुरी, कोल्हार, लोणी, संगमनेर असा रस्ता. संगमनेर आलं की दोन्ही बाजूंना टोमॅटोचे प्लॉट दिसतात. आजवर शंभर वेळा बघितले असतील, पण त्या दिवशी नीट बघितले. बांबू रोवलेले, बांबूंच्या डोक्यावरून तार ओढलेली आणि प्रत्येक झाड त्या तारेला सुतळीने वरून टांगलेलं. झाड काठीला टेकलेलं नाही, तारेला लटकलेलं आहे! भार वर आहे. कुंडीवर, म्हणजे तिथे मुळांवर, जवळजवळ काहीच नाही.

शेतीच्या भाषेत यासाठी दोन झकास शब्द आहेत. डोक्यावर छतासारखा पसरतो तो मंडप, आणि भिंतीसारखी उभी असते ती ताटी. दुधी, कारली, दोडका यांची शेती वर्षानुवर्षं याच दोन पद्धतींनी चालते. आपण गुळगुळीत मासिकांमधून 'व्हर्टिकल गार्डनिंग' शिकतो तेव्हा हेच शिकत असतो, फक्त आठशे रुपये जास्त मोजून.

आजीला मी एसटीतच विचारलं, "आजी, बाल्कनीत मांडव नाही, पण ताटी जमेल का?" आजी खिडकीबाहेर बघत म्हणाली, "जमंल की. पण काठी आधी रोवायची, बी मागनं टाकायचं. तू उलटं करतीस."

खरंच की! मी रोप दीड फुटाचं झालं की मग काठी शोधायला निघायचे. तोवर मुळं पसरलेली असतात, आणि काठी खुपसली की निम्मी तुटतात.

बजेट : एका पिझ्झाहून कमी

मग जमवाजमव सुरू झाली. टोपल्या-सुपं विकणाऱ्या बुरुडाकडून आठ फुटी तीन बांबू आणले, सत्तर रुपयाला एक. वीस लिटरच्या रंगाच्या दोन रिकाम्या बादल्या बिल्डिंगच्या रंगकाम करणाऱ्यांनी फुकट दिल्या. सुतळीचा एक गुंडा, नायलॉनची थोडी दोरी. आणि शेवगावच्या मैत्रिणीच्या शेतातून तुराट्यांची मोळी. तूर काढल्यावर वाळलेली जी झाडं उरतात ना, ती. गावात ती चुलीत जातात. मटार, चवळी, छोट्या काकडीसाठी त्यांच्यासारखा आधार नाही, कारण त्यांना आयत्या बारीक फांद्या असतात. मोळी खोचा आणि विसरून जा.

बांबू कापताना आजीने एक गोष्ट शिकवली. वरचं टोक पेराच्या अगदी वर कापायचं. मध्येच कापलं तर वरती पोकळ पेला तयार होतो, पावसाचं पाणी साठतं, बांबू कुजतो आणि डासांची सोय होते ती वेगळीच.

बादलीला खाली सात-आठ भोकं पाडली. मातीत यावेळी निम्मी साधी काळी माती आणि शेणखत, कोकोपीट नावापुरतं. वजन? असू दे! ओल्या मातीची वीस लिटरची बादली हलवायला दोघं लागतात, आणि मला तेच हवं होतं. बादल्या कठड्यावरून खाली, फरशीवर, भिंतीच्या कोपऱ्याला. (स्लॅबवर सगळा भार एका ठिकाणी नको, कोपऱ्यात भिंतीलगत ठेवा. आणि बिल्डिंग जुनी असेल तर आधी विचारा.) नगरच्या मातीशी झटापट करणारी मी पहिली नाही, ही एक समाधानाची गोष्ट. १९४२ ते १९४५ या काळात भुईकोट किल्ल्यात कैदेत असताना पंडित नेहरूंनी तिथे फुलांचे वाफे खणले होते. जमीन दगड-विटांच्या राबिटाची, आणि हे भर उन्हात खणतायत. माझ्याकडे निदान बादली होती.

बांबू आधी बादलीच्या तळापर्यंत उभा केला, मग भोवती माती भरली. आणि आता खरी आयडिया. वरचं टोक कशाला बांधायचं? भिंतीत ड्रिल करायचं तर पुन्हा परवानगी. तेवढ्यात आईने वरच्या दांडीवर टॉवेल टाकला. कपडे वाळत घालायची दांडी! प्रत्येक बाल्कनीत छताला पक्के हूक असतात, फक्त आपण तिथे शर्ट लटकवतो. बांबूंची डोकी नायलॉनच्या दोरीने त्या हुकांना बांधली, मध्ये ग्रिलला एक गाठ, खाली बादली. तीन जागी पकडलेला बांबू कुठे जाणार? आईने एका दांडीचा त्याग केला. आजही ती त्यावरून टोमणा मारते, पण ते असो.

दोन बांबूंच्या मध्ये उभ्या दोऱ्या ओढल्या. वाल थेट फेब्रुवारीपर्यंत राहतो आणि सुतळी पावसात कुजते, म्हणून मुख्य दोऱ्या नायलॉनच्या. पण नायलॉन गुळगुळीत, वेल घसरतो. त्यावर उपाय फुकट आहे : दर वीतभर अंतरावर एक गाठ. आजीने टीव्ही बघता बघता दोन सिरियलमध्ये सगळ्या गाठी मारल्या.

कोण कसा चढतो?

इथे थोडं थांबते, कारण नव्वद टक्के बाल्कन्यांमध्ये घोटाळा इथेच होतो असं मला वाटतं. आपण सगळ्या वेलांना एकाच मापाची जाळी देतो. पण प्रत्येकाचा स्वभाव वेगळा असतो.

कारली, काकडी, दोडका हे हात धरून चढणारे. त्यांना स्प्रिंगसारखे तणावे फुटतात. तणावा इवलासा, त्याला पेन्सिलपेक्षा जाड काही नीट धरता येत नाही. पीव्हीसीचा जाडजूड पाइप दिलात तर बिचारा चाचपडत राहतो. त्यांना सुतळी, जाळी, तुराट्या द्या. बी घ्यायचं असेल तर राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे वाण आपल्या हवेतलेच आहेत. 'हिरकणी' कारली, 'हिमांगी' काकडी, 'सम्राट' दुधी. नावंसुद्धा कसली भारी! फक्त दुधीच्या फळाला वजन असतं, तो वाढायला लागला की जुन्या ओढणीची झोळी करून वर बांधा.

वाल, घेवडा, गोकर्ण यांना तणावे नसतात. ते अख्खे स्वतःच काठीभोवती गिरक्या घेत चढतात. त्यांना उभी काठी, उभी दोरी आवडते. आणि गंमत म्हणजे गिरकीची दिशा प्रत्येक जातीची ठरलेली. आपण मदत करायला म्हणून उलट्या दिशेने गुंडाळलं तर वेल चक्क उलगडून पुन्हा आपल्याच दिशेने जातो. उत्क्रांतीवाला चार्ल्स डार्विन आजारपणात खोलीत अडकला असताना कुंडीतल्या वेलाच्या या गिरक्या बघत बसायचा आणि १८६५ साली त्याने वेलांच्या चढण्यावर एक मोठा निबंधच लिहिला. सिक लीव्हचा यापेक्षा चांगला उपयोग मला माहीत नाही.

मनी प्लांट आणि नागवेल खोडाला फुटणाऱ्या मुळांनी चिकटतात, त्यांना काथ्या गुंडाळलेली काठी हवी आणि ती ओलसर हवी. आणि टोमॅटो? तो वेल नाहीच! त्याला चढता येत नाही, फक्त लोळता येतं. त्याला आपणच बांधायचं, जुन्या सुती साडीच्या पट्टीने, आठच्या आकड्यात. एक वेढा काठीला, एक सैलसर झाडाला. बारीक तारेने बांधलंत तर खोड जाड झाल्यावर तार आत रुतते. पानांच्या बेचक्यातल्या बगलफुटी खुडत गेलात तर एका सुतळीवर सरळ छतापर्यंत जातो. माझा दुसरा टोमॅटो असाच गेला. संगमनेर स्टाइल!

बाकी भंगारवाल्याकडे एकदा चक्कर मारा. जुन्या टेबलफॅनची जाळी काठीला बांधली की मधुमालतीसाठी गोल फ्रेम तयार. सायकलची रिंग बांबूच्या डोक्यावर आडवी बांधून तिच्यापासून खाली आठ-दहा सुतळ्या सोडल्या की गोकर्णाची छत्री. आमच्या मोडक्या सायकलचं शेवटी भलं झालं. लोखंडाला मात्र सुतळी गुंडाळा, एप्रिल-मेच्या उन्हात उघडी सळई कोवळ्या शेंड्याला सोसत नाही.

परीक्षा

पंधराव्या दिवशी सेक्रेटरी काका आले. चप्पल काढून बाल्कनीत गेले, दोन्ही हातांनी बांबू धरला आणि एसटीच्या दांड्याला लटकावं तसे जोर लावून हलवायला लागले. आजी दारात उभी, पदर तोंडाला. बांबू ढिम्म. काका म्हणाले, "हं." त्यांच्याकडून एवढंच मिळतं.

त्याच संध्याकाळी आजीने बी टाकलं.

आणि मग सुरू झाला खरा छळ : वाट बघणं. जुलैत लावलेला वाल ऑगस्टमध्ये छताला टेकला. आजीने शेंडे खुडले, तसे फुटवे फुटले, ताटी गच्च झाली. सप्टेंबरमध्ये सगळी बाल्कनी हिरवीगार आणि फूल एकही नाही. मी खत बदलायच्या गोष्टी करायला लागले. आजी म्हणे, "दिवस लहान हूं दे." आधी वाटलं, काहीतरी गावठी समजूत. पण ते तंतोतंत खरं निघालं. वालाच्या जुन्या जातींना फुलायला लांब रात्री लागतात, दिवस लहान झाल्याशिवाय त्या कळी धरतच नाहीत. आमच्यासारख्या ऑफिसच्या डेडलाइनवाल्यांना हे झेपणं कठीण.

त्या महिन्यांत आजीला एक रोजची नोकरी लागली होती. वेल उजेडाकडे जाणार, म्हणजे बाहेर. काकांची अट होती कुंडीची आणि काठीची, पण आजीने ती वेलालाही लावली होती. रोज सकाळी चहाआधी ती बाहेर गेलेला प्रत्येक शेंडा हळूच आत घ्यायची, दोरीला लावायची, त्याच्याशी काहीतरी पुटपुटायची. मग काळा मावा आला, तर पाण्याच्या फवाऱ्याने धुऊन काढला. टीव्ही दुपारपर्यंत लागेनासा झाला. 'गावाला सोडून दे' हे वाक्य शेवटचं कधी ऐकलं, ते आता आठवत नाही.

दिवाळीला बाबांनी स्वतःच विचारलं, "आई, जायचं का गावाला आठ दिवस?" आजी गेली आणि चौथ्या दिवशी परत आली. जांभळे तुरे लागले होते, आणि आम्हाला त्यातलं काही कळत नाही असं तिचं ठाम मत होतं.

डिसेंबरात पहिल्या शेंगा निघाल्या. एक वाटी भाजी सेक्रेटरी काकांकडे गेली, एक तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंकडे. एक चुकार शेंडा आजीची नजर चुकवून काकूंच्या ग्रिलपर्यंत पोचलाय, आणि 'आमच्या बाजूच्या शेंगा आमच्या' असं काकूंनी जाहीर केलंय. फूटपट्टी लावली तर त्याची लांबी चौदा फूट भरते.

मागच्या रविवारी बेल वाजली. दारात पहिल्या मजल्यावरची ती, त्या पोराची आई. जूननंतर आमच्यात 'हाय-हॅलो'पलीकडे काही झालं नव्हतं. पोरगा तिच्या मागे, हातात शाळेतून मिळालेलं घेवड्याचं रोप. बाल्कनीकडे बघत ती म्हणाली, "तुमच्यासारखं आमच्याकडे बांधून द्याल का?" आणि मग लगेच, "पण आधी मला हलवून बघायचंय."

मी म्हटलं, या ना. आजीने बाजूला सरून तिला वाट दिली.